बिनमाहेरची राणी

उंबरवाडीच्या शाळेत इतिहासाचा तास मी बहुतेक वेळा बाहेरच घ्यायचो. एकाच खोलीत चार वर्ग बसायचे. पहिलीच्या पोरांनी पाढे सुरू केले की चौथीच्या पोरांना माझा आवाज ऐकू यायचा नाही. मग लहानांना पाटीवर काहीतरी गिरवायला द्यायचं आणि मोठ्यांना घेऊन राणमाळावर जायचं. वेल्ह्याहून येणारी वाट कानंदी नदी ओलांडते, त्या जागेच्या वरच्या अंगाला करंजांच्या सावलीत पाच दगड उभे होते. कमरेएवढे, काळे, वरून गोल.

पोरांना मी सांगायचो, नुसतं बघू नका, हात लावून बघा. प्रत्येक दगडावर कोपरात वाकवलेला बाईचा हात, हातात बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. चारांवर त्याखाली एकेक खूण. एकावर कळंबाचं पान, एकावर मोर, एकावर कमळ, एकावर रुईची डहाळी. दगड एका जुन्या राजाच्या सती गेलेल्या राण्यांचे, आणि या खुणा म्हणजे त्यांच्या माहेरची देवकं. देवक म्हणजे घराण्याची खूण, लग्नात पुजतात ती. राजाचं नाव मात्र वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा स्वतःचा दगड कधीच पुरात वाहून गेला होता. पण त्याच्या बायका कुठल्या कुळीतल्या, कुणाचा बाप घाटाखाली राज्य करायचा, कुणाच्या भावाच्या दारात हत्ती झुलायचा, हे बायकांना तोंडपाठ होतं. वाडीतलं प्रत्येक जुनं घर यांतली एक राणी आपल्या रक्ताची मानायचं.

"आमच्या घरातनं राजाला लेक दिलीया," असं वाडीतली जाणती धोंडाबाई दर लग्नात सांगायची.

"व्हय तर," फुलाबाई लगेच म्हणायची, "आन् त्या राजाच्या सासऱ्याच्या घरावर अजून कौलं न्हाईत."

पाचव्या दगडावर हात होता, बांगड्या होत्या, चंद्रसूर्य होते, पण खाली खूण नव्हती. झिजली असेल म्हणावं तर तसंही दिसत नव्हतं. तिथे छिन्नी लागलीच नव्हती. ही राणी कुणाची, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

चैत्रातल्या तिजेला वाडीतल्या बायका राणमाळावर जायच्या आणि आपापल्या राणीची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं लेकीचं करतात तसं. पाचवीला सगळ्या जणी हळदकुंकू लावायच्या, हात जोडायच्या आणि निघायच्या. तिची ओटी कुणी भरायचं नाही, कारण ती माहेरानं भरायची असते.

सोनबा आणि साळूबाईच्या घराला राणी नव्हती. सोनबाच्या बापाची जमीन भाटघरच्या धरणात गेली, तेव्हा तो भोराकडून इकडे आला होता. वाडीच्या हिशेबात ते घर नवंच. साळूबाई तिजेला सगळ्यांबरोबर जायची, सगळ्यांना हळदकुंकू लावायची आणि रिकाम्या सुपानं परत यायची. त्यांना एकच लेक, रतन. माझ्या शाळेतली. तिला वाचायला मी शिकवलं होतं. एस.टी.च्या पाट्या, काड्यापेटीवरची अक्षरं, गुळाच्या ढेपेवरचा कागद, जे दिसेल ते ती मोठ्यानं वाचायची. भोरजवळच्या उत्रोलीत तिचं लग्न झालं, जगनशी. भातशेतीवाली चांगली माणसं. पण वेल्ह्याहून नसरापूर, नसरापुराहून कापूरहोळ, तिथून भोर, अशा गाड्या बदलत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. येणंजाणं कमीच.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. चैत्रात रतन लग्नानंतर पहिल्यांदा राहायला यायची होती. साळूबाईनं तिच्यासाठी हिरवा खण आणला, तांदूळ निवडले, ओटीचं सूप भरून ठेवलं आणि वेल्ह्याला जाऊन एस.टी.ची वाट बघत बसली. गाडी आली, रतन नव्हती. भोरहून आलेल्या एका माणसानं निरोप सांगितला, की रतनची सासू विहिरीवर घसरली, पाय मोडला, आता इतक्यात यायला जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तीज होती. मी पोरांना घेऊन राणमाळावर होतो. साळूबाई सगळ्यांच्या मागून आली. हातात भरलेलं सूप होतं.

"हे गं काय?" धोंडाबाईनं विचारलं.

"रतनची काडल्याली ओटी हाय. ती न्हाई आली. काडल्याली ओटी माघारी डब्यात कशी घालू?"

हा नेम आमच्याकडे सगळेच पाळत. एखादीच्या नावानं काढलेली ओटी घरात ठेवायची नाही, दुसऱ्या कुठल्या तरी सवाष्णीला द्यायची. साळूबाई पाचव्या दगडापुढं बसली. तिनं हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले.

"घे बाई," ती म्हणाली. "माज्या रतनची म्हणून घे. तुला कुनी न्हाई, आज मलाबी कुनी न्हाई."

 धोंडाबाई पुढं झाली. "साळे, अगं, तिला हात जोडावं आन् माघारी फिरावं. ओटी माहेरानं भरायची असती."

"मग झालं मी तिचं माहेर!" साळूबाई डोळे पुसत हसली. "येऊ द्या ऱ्हायाला. दळायला तरी एक बाई व्हईल."

फुलाबाई हसली. मीही हसलो असेन. पोरं तोवर नदीत खेकडे धरायला पळाली होती.

वैशाखात एक दिवस साळूबाई वेल्ह्याच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन येताना दिसली. चेहरा उजळलेला.

"रतन आली की, गुरुजी," ती म्हणाली.

मला आनंद झाला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सोनबा ओसरीवर दोर वळत बसला होता. घरात चूल पेटलेली दिसत होती, पण आतून गारवा येत होता, खडकाखालच्या झऱ्यापाशी असतो तसा. ओल्या दगडाचा वासही होता. मी हाक मारली, "रतन!"

"निजलीया," साळूबाई आतून म्हणाली. "दमलीया पोर. नंतर भेटा."

नंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा ती निजलेली होती. एकदा भर दुपारी जात्याची घरघर आणि ओवी ऐकू आली. आवाज तरुण होता. बायका दळताना माहेरच्या गावांची नावं घेतात, तशी नावंही ओवीत होती. त्यांतलं एकही गाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि या खोऱ्यातली गावं मी शाळेत पाठ करून घेतो.

मग वर्गातली फुलाबाईची नात बनी मला म्हणाली, "गुरुजी, रतनताई वाचायचं इसारली का वो?"

"का गं?"

"शाळंच्या भिंतीवर काय लिवलंय म्हणून आमाला इचारत व्हती. म्या सांगितलं. मग म्हणली, ह्या रेघा कोण वढतं?"

"कुठं भेटली तुला?"

"त्यांच्या मागच्या दाराला. ती उनात येत न्हाई."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कामासाठी भोरला गेलो, तेव्हा स्टँडवर जगन भेटला. मी सहज म्हणालो, "काय पाहुणे, रतनला केव्हा नेणार?"

"कुठनं न्यायची?" तो म्हणाला. "घरीच हाय की. आईचा पाय बरा न्हाई, तर सगळं तिच्याच अंगावं पडलंय."

परतीच्या सबंध प्रवासात मी स्वतःला समजावत होतो. लेकीची आठवण फार झाली की आईचं मन असं काही करत असेल. एखादी नात्यातली मुलगी राहायला आली असेल. बनी लहान आहे, दुसऱ्या कुणाला तरी रतन समजली असेल. घरी माझी बायको गीता शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग सोनबा काय आंधळा आहे?"

नागपंचमीला खरी रतन आली. मी वर्गात असताना ती दारात उभी राहिली. अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तेज, पण डोळे लाल.

"आईचं काय बिनसलंय, गुरुजी?" तिनं विचारलं. "मला चुलीपुढं जाऊ देईना. घोंगडी टाकली, तांब्या दिला, म्हणली, बसा. बसा म्हणली मला! वाटलं, थट्टा करतीय. जेवायला वाढलं ते पाव्हण्याच्या ताटात. जेवल्यावं म्हणली, तुमची गाडी किती वाजता?"

"रागावली असेल. चैत्रात आली नाहीस."

"रागावली असती तर शिव्या दिल्या असत्या की. माजी आई हाय ती." तिनं पदरानं नाक पुसलं. "ती लई चांगली बोलली, गुरुजी. लई चांगली."

त्याच दिवशी ती परत गेली.

दिवाळी झाल्यावर ती पुन्हा आली, या वेळी सातवा महिना संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून जगन तिला सोडायला आला होता. दोघं साळूबाईच्या अंगणात उभी होती आणि गीता मला बोलवायला धावत आली. मी गेलो, तेव्हा साळूबाई रतनच्या पोटाकडे बघून हळहळत होती.

"अशा अवघड दिवसांत कशाला वो हिंडता, बाई? कुणाकडं आलाय?"

"आई, म्या रतन."

"आमची लेकबी रतनच. तिलाबी दिवस गेल्यात. कुठलं गाव तुमचं?"

मी सोनबाकडे वळलो. "सोनबा, अरे, ही तुझी पोर आहे."

सोनबा पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या. हात उचलला, जणू तिच्या डोक्यावर ठेवणार होता. मग तो तसाच खाली आला.

"तोंडवळा वळखीचा हाय, गुरुजी," तो म्हणाला. "पर आमची रतन आत हाय."

घरातून बांगड्या वाजल्या. जगननं रतनचा दंड धरला. "चल. उत्रोलीला जाऊ. माजी आई करंल बाळंतपण."

"न्हाई." रतन हलली नाही. "मला वळखल्याबिगर म्या हितनं जायची न्हाई."

गीतानं तिला आमच्या खोलीवर आणलं. शाळेमागं दीड खोली होती आमची. अर्धी तिला दिली. जगन दर बाजाराला येऊन जायचा. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन मी साळूबाईकडे गेलो. तिनं त्यांना चहा दिला, आपल्या गुडघ्याचं औषध विचारलं, साल सांगितलं, वार सांगितला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई ठणठणीत आहे. मुलगी जरा अशक्त वाटते."

"कुठली मुलगी?"

"आत बसलेली. हात फार गार होता तिचा."

मग मी धोंडाबाईकडे गेलो. असल्या गोष्टींसाठी मी कुणाकडे जाणारा माणूस नाही. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दिल्याली ओटी माघारी मागता येत न्हाई, गुरुजी. आन् राणी झाली तरी लेकच की. किती वर्सं माहेराबिगर उबी व्हती."

"आणि रतन?"

धोंडाबाई थांबली. "कोण रतन? सोनबाची? ती हाय की घरात."

मी तिथून उठलो. रतन मात्र रोज सकाळी आईच्या अंगणात जायची. लहानपणचं काहीबाही सांगायची. शेरडू विहिरीत पडलं होतं ते, गोवरात आई तिच्या उशाशी बसून राहिली होती ते. साळूबाई मान हलवून ऐकायची आणि म्हणायची, "आमच्या रतनचंबी असंच झालं व्हतं." एकेक आठवण अशी अंगणात जायची आणि तिथेच राहायची. दुसऱ्या दिवशी रतन ती परत सांगत नसे. विचारलं तर म्हणायची, "कुठलं शेरडू?"

"तू जाऊ नकोस तिकडे," गीता म्हणाली.

"मग ती मला वळखंल कशी?"

एका दुपारी साळूबाई आणि सोनबा शेतावर गेलेली बघून रतन मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरली. मी शाळेच्या पायरीवरून बघत होतो. पोरं कविता म्हणत होती. 

कविता संपली.

ती बाहेर आली. सावकाश, पोटाखाली हात धरून.

"कोण आहे?" मी विचारलं.

"बाई हाय." ती पायरीवर बसली. "माज्यासारकी न्हाई दिसत. मला वाटलं व्हतं, माज्यासारकी दिसत आसंल."

"मग?"

"तिनं मला बसायला पाट दिला. मायेनं बोलली. तिच्या म्होरं बसलं ना, गुरुजी, की वाटतं, पाव्हणं आपणच हाव."

त्यानंतर तिनं साळूबाईच्या अंगणात जाणं सोडलं.

पौषात ती आमच्या खोलीत बाळंत झाली. मुलगा. गीतानं सगळं केलं, शेक, शेगडी, काढे. बारा दिवस झाल्यावर साळूबाई शेजारधर्म म्हणून बघायला आली. बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवर तेल घातलं. तिचे हात सराईत होते. रतन भिंतीला टेकून बघत होती. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो, राग, रडू, काहीही.

"छान हात हाय तुमचा," रतन तिला म्हणाली.

"आमच्याबी घरी पाळणा हलतोय," साळूबाई म्हणाली. "परवाच सुटली आमची पोर."

त्या घरातून मूल रडल्याचं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी तिकडून गेलो तेव्हा आढ्याला झोळी बांधलेली होती. ती हलत होती आणि तिच्यात वजन होतं. दोर ताणलेला दिसत होता.

"हळू," सोनबा म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

माघात रतन उत्रोलीला निघाली. जगन कापूरहोळला घ्यायला येणार होता, तिथपर्यंत तिला पोचवायला मी जाणार होतो. निघताना साळूबाई सूप घेऊन आली. लेकुरवाळी सवाष्ण गावातून रिकाम्या ओटीनं जाऊ नये, म्हणाली. गीता मध्ये पडली, "नको, मी भरलीय तिची." पण रतननं पदर पसरला होता.

साळूबाईनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, कुंकू लावलं. रतन वाकून तिच्या पाया पडली.

"येते हं, मावशी," ती म्हणाली.

गीतानं तोंडाला पदर लावला.

एस.टी.त रतन खिडकीशी बसली. बाळ झोपलेलं होतं. ती बाहेर बघत होती, शांत. कित्येक महिन्यांत तिला इतकं शांत मी पाहिलं नव्हतं. "त्या बाई लई मायाळू व्हत्या," ती एकदा म्हणाली. 

नसरापूर सोडल्यावर शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं बाळाच्या गालाला बोट लावलं. "पैलं का गं? बाळंतपणाला माहेरी आली व्हतीस जणू. कुठलं माहेर?"

रतन हसली. सांगायला तिनं तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. फळ्यापुढं उभ्या केलेल्या मुलाच्या ओठावरचं उत्तर हरवतं आणि ते गुरुजींकडे बघतं, तसं.

"उंबरवाडी," मी म्हणालो. "साळूबाई आणि सोनबाची लेक ही."

तिनं ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. उंबरवाडी. साळूबाई. सोनबा. पाठ करताना म्हणतात तसं.

कापूरहोळला जगन उभा होता. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. भोरची गाडी लागलेली होती. तो पुढं झाला, तशी ती दोन पावलं माघारी माझ्यापाशी आली आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"गुरुजी, पुन्यांदा सांगा."